पडक्या वास्तूंचे फोटो: सुरुवात कुठून करावी

सुरुवात ठाण्याजवळच्या घोडबंदर किल्ल्यापासून करा. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. खाडीकाठी आहे, उघडा आहे, कुणाच्या खासगी आवारात शिरावं लागत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतला बंद कारखाना खुणावेल, पण मालकाची परवानगी नसेल तर गेटबाहेरूनच काढा. आणि एकटे कधीच जाऊ नका. पावसाळ्यात भिजलेल्या भिंती ढासळतात, गवतात साप असतात. जाड तळव्यांचे बूट हवेतच.

नवशिक्यांचे फोटो बिघडतात ते मुख्यतः उजेडामुळे. खोली काळोखी, खिडकीबाहेर लख्ख ऊन. कॅमेरा काळोख बघून एक्स्पोजर (फोटोसाठी आत घेतलेला उजेड) वाढवतो आणि खिडकी पांढरीफटक होते; तो तपशील नंतर परत मिळत नाही. म्हणून:

- ट्रायपॉड (तिथे वापरू देतात का, आधी विचारा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), २ सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलला तरी फोटो हलत नाही.
- रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). एकाच चौकटीचे तीन फोटो, एक्स्पोजर -२ (काळपट), ० (नेहमीचा), +२ (उजळ); नंतर ते एकत्र जोडता येतात.
- कॅमेरा वर झुकवू नका, भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. चार पावलं मागे सरका.

नवी लेन्स आत्ता नको, कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स पुरते. तिथली वस्तू हलवून 'सजावट' मात्र करू नका. पडझड जशी आहे तशीच टिपायची.

सकाळी लवकर निघा, तिरप्या उन्हात दगडाचा पोत छान उठतो.