पायपेटीच्या नळ्या कुठे आहेत?

प्रिय बाळ,

बेळगावात शहापुरच्या घरी आबांनी पायपेटीवरची चादर काढली आणि तू फोनवर विचारलंस, "बाबा, आबा हिला ऑर्गन म्हणतात. पण लीड्सच्या चर्चमध्ये ऑर्गनला भिंतभर नळ्या होत्या. हिच्या कुठे आहेत? आणि आपली मराठी गाणी हिच्यावर का वाजवतात?" फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

हिला नळ्या नाहीतच. चर्चच्या ऑर्गनमध्ये हवा नळीत शिरून घुमते. पाण्याच्या दाबावर चालणारा तसला पहिला ऑर्गन इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाला. आबांच्या पायपेटीत पितळेच्या बारीक जिभा आहेत. हवा गेली की त्या थरथरतात. लांब जीभ खर्जात बोलते, आखूड जीभ वरच्या पट्टीत. वाजवणारे त्यांना सूरच म्हणतात.

भजनातल्या हातपेटीतही असेच सूर असतात, पण भाता वेगळा. हातपेटीचा भाता हवा सुरांमधून बाहेर ढकलतो, म्हणून तिचा आवाज अंगावर येतो. आबांच्या ऑर्गनचा पायाने चालणारा भाता हवा आत ओढून घेतो, म्हणून आवाज गोल, मऊ येतो. आबांना विचारून एक पट्टी दाबून धर आणि पाय थांबव. सूर पटकन तुटणार नाही, हळूहळू विझेल. मी तुझ्याएवढा असताना तो विझेपर्यंत श्वास रोखून बसायचो.

तो मऊपणाच नाटकवाल्यांना हवा होता. 1880 साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. पुढे संगीत नाटकांत ऑर्गन आला. नट श्वास घ्यायला थांबला तरी मागे सूर भरलेला राहायचा, पुन्हा उचलायला जागा मिळायची. बालगंधर्वांचं गाणं त्या भरावाशिवाय मला ऐकूच येत नाही.

पेटीवर रागावणारेही होते. तिचे सूर ठरलेल्या जागी बसलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. म्हणून 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. तक्रार खरी आहे. पण त्याच काळात बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे पेटी शिकवत होते, आणि त्यांच्या हाताखालून सुधांशु कुलकर्णी, रवींद्र कातोटी यांच्यासारखे वादक तयार झाले. मींड नसली तरी बोटं इतकी जवळ जवळ पडतात की कान ती भरून घेतो. हे शिकायला वर्षं लागतात, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: पेटी पॅरिसहून आली असेल, पण आपल्या भागात ती मराठी अभंगालाही धरते आणि कन्नड वचनांनाही, म्हणजे शिवशरणांच्या भक्तिरचनांनाही. गल्लीतलं कुणी तिला परकी म्हणणार नाही.

एक काम कर. पावसाळ्यात तिथल्या दमट हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. कुठली अडकली तर जोर लावू नकोस, आबांना सांग. आणि रविवारी फोन पायपेटीजवळ ठेव, 'सा' धर. मला इथे ऐकायचाय.

तुझा,
बाबा