एकदा बघितलेला सिनेमा कुणाच्या तरी बडबडीसकट परत का बघायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीव्हीडीच्या मेनूत 'ऑडिओ कॉमेंटरी' म्हणून एक पर्याय असतो. तो लावला की सिनेमाचे संवाद मागं पडतात आणि दिग्दर्शक वगैरे मंडळी वरून बोलत राहतात. हे कुणी खरंच बसून ऐकतं का? ऐकत असेल तर त्यात गंमत काय, आणि नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

मी ऐकतो. काही तर तीन-तीनदा ऐकल्यात. माझा धंदा कोल्हापुरात लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा. मिक्सिंग म्हणजे हल्ली ज्याला एडिटिंग म्हणतात ते. कॅसेटच्या काळात मिक्सर जोडून काम चालायचं, तेव्हाचा शब्द आमच्या धंद्यात चिकटला तो चिकटलाच. त्यामुळं मला ह्यात थोडा धंद्याचा स्वार्थही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली कॉमेंटरी ऐकली तेव्हा आमच्या घरात डीव्हीडी प्लेअर काय, रंगीत टीव्हीही नव्हता. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत एक आबा राहायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्टुडिओत काढलेली, आधी सुतारांच्या टोळीत आणि नंतर लाइटवर. शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला की ते आमच्याकडं येऊन भिंतीला टेकून बसायचे. त्यात कोल्हापुरात झालेला एखादा ऐतिहासिक चित्रपट असला म्हणजे संपलंच. पडद्यावर महाराज दरबारात काहीतरी गंभीर बोलतायत आणि इकडं आबा, "त्यो बुरूज बघ. बांबू, तरट आन् वर रंग. टेकू नगा म्हणून समद्यांस्नी दम दिलता." जरा वेळानं, "सकाळ म्हणत्यात व्हय? सावल्या बघ की, उन्हं उतरल्यावरची हाईत." आई म्हणायची, "आबा, आता जरा ऐकू द्या की." दोन मिनिटं शांतता. मग घोडा आला की पुन्हा सुरू, "ह्येला रिफ्लेक्टरची तिरीप सोसायची न्हाई, लई नाचवलं ह्येनं आमाला."

आम्हाला वैताग यायचा. त्यांना बंद करायचं बटण नव्हतं. डीव्हीडीच्या रिमोटवर ते आहे, 'ऑडिओ' नावाचं, एवढाच काय तो फरक.

आबांसारखा माणूस तबकडीवर चढवायची युक्ती पहिल्यांदा अमेरिकेत १९८४ साली झाली. क्रायटेरियन कंपनीनं १९३३ चा 'किंग काँग' लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी, बारा इंची. त्यावर आवाजाच्या दोन वाटा होत्या आणि जुन्या चित्रपटाचा आवाज मोनो, म्हणजे एक वाट रिकामीच. तिथं रोनाल्ड हेव्हर नावाच्या, लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळणाऱ्या माणसाला बसवलं आणि सिनेमा चालू असताना बोलायला लावलं. पुढं डीव्हीडी आली, तिच्यात तर आवाजाचे आठ ट्रॅक मावतात. मग काय, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लांबवलेल्या आवृत्तीत एकेका भागाला चार-चार कॉमेंटरी. त्यातली मला आवडणारी म्हणजे डिझाइनवाल्यांची, चिलखतं आणि तलवारी घडवणाऱ्यांची. नटांची मी अर्ध्यावर सोडली. फार हसतात आपापसात.

आपल्याकडं हे फारसं रुजलं नाही, कारण आपण आधी व्हीसीडीवाले. सिनेमा दोन-तीन तबकड्यांत कोंबलेला, जादा ट्रॅक ठेवायला जागाच नाही. पुढं २००७ च्या आसपास मोझर बेअर कंपनीच्या २८ रुपयांच्या व्हीसीडी आणि ३४ रुपयांच्या डीव्हीडी आल्या. किराणा दुकानातसुद्धा सिनेमा मिळायला लागला, ते दिवस मला अजून आठवतात. पण कॉमेंटरी हवी तर परदेशी चित्रपटच शोधावे लागत. तिथंही फसवणूक व्हायची. मी एकदा चांगले पैसे मोजून एक इंग्रजी डिस्क घेतली. वेष्टनावर 'दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीसह' असं छापलेलं, आणि मेनूत बघतो तर ट्रॅकच नाही. वेष्टन परदेशी आवृत्तीचं जसंच्या तसं उचललेलं. दुकानदार म्हणाला, "सिनेमा लागतोय न्हवं?"

आता गंमत काय ते सांगतो. त्यासाठी एकच उदाहरण नीट घेतो, 'गॉडफादर'चं. २००१ साली त्याचा डीव्हीडी संच निघाला, त्यात फ्रान्सिस फोर्ड कपोला एकटा बोलतो. तुम्हाला वाटेल, एवढ्या थोर सिनेमाचा कर्ता आता थोरवी सांगणार. हा गडी जास्त बोलतो ते नोकरी जाण्याच्या भीतीबद्दल. स्टुडिओला तो नको होता, त्यानं निवडलेले नट नको होते, आणि प्रत्येक आठवड्याला आपल्याला काढतील ह्या धास्तीत त्यानं शूटिंग केलं. इतक्या वर्षांनंतरही ते आठवताना तो अवघडतो.

चित्रपटाची सुरुवातच लग्नानं होते, चांगलं अर्धा तासभर. म्हणजे माझ्या धंद्यातलंच काम. बाहेर अंगणात लख्ख ऊन आणि नाचगाणं, आत डॉनच्या खोलीत अंधार. कॅमेरामन गॉर्डन विलिसनं आतला उजेड वरून पाडला, त्यामुळं डॉनचं काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली. डोळेच दिसत नाहीत म्हणून वरचे लोक कुरकुरत होते. हे कळलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो, कारण त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक 'नवरीच्या मामाचं तोंड काळं आलंय' म्हणून माझे हजार रुपये कापून गेलं होतं. डॉनच्या मांडीवरचं ते मांजर पटकथेत नव्हतंच. स्टुडिओत भटकत होतं, कपोलानं उचलून ब्रँडोच्या हातात दिलं. ते इतकं गुरगुरलं, की संवाद ऐकू येईनात. लग्नाच्या त्या गर्दीत कपोलाच्या घरचेही आहेत. नवरी झालेली टालिया शायर ही त्याची सख्खी बहीण. शेवटी बाप्तिस्मा होतो ते तान्हं बाळ म्हणजे त्याची स्वतःची मुलगी सोफिया. घरचं कार्य आणि घरचेच वऱ्हाडी.

आणि लूका ब्रासी, डॉनचा गुंड. त्याचं काम करणारा लेनी मोंटाना खरोखरचा पैलवान, व्यावसायिक कुस्त्या खेळलेला. ब्रँडोसमोर उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. वाक्य अडखळायला लागलं. कपोलानं ते अडखळणं तसंच ठेवलं, आणि वर हुशारी म्हणजे, त्याच्या आधी जोडायला एक नवा तुकडा घेतला, ज्यात हा धिप्पाड गडी अंगणात एकटाच बसून आपलं वाक्य घोकतोय. चूक होती तिचा प्रसंग झाला. खासबागेत, आमच्या कुस्तीच्या मैदानात, सत्काराच्या वेळी हातात माइक दिल्यावर घाम फुटलेले पैलवान मी डोळ्यांनी बघितलेत, त्यामुळं हे मला लगेच पटलं.

ह्याचा मी धंद्यात उपयोग केला. पूर्वी नवरदेव नाव घेताना अडखळला की मी तो तुकडा कापायचो. आता ठेवतो. मुंडावळ्या बांधताना तो मित्राला विचारून विचारून उखाणा पाठ करत असतो, तेवढं आधी शूट करून ठेवतो आणि त्याच्या आधी जोडतो. हॉलमध्ये पडद्यावर लावलं की लोक हमखास हसतात.

पण सगळ्याच कॉमेंटरी अशा नसतात, आणि इथंच नवखे लोक कंटाळून सोडून देतात. 'टोटल रिकॉल'च्या डिस्कवर श्वार्झनेगर आहे. पडद्यावर जे चाललंय तेच तो सांगत जातो, आता मी इकडं आलो, आता मी ह्याला मारलं. गंमत म्हणून दहा मिनिटं ऐका. त्याहून वाईट म्हणजे कौतुकाचे ट्रॅक, अमकी किती गुणी, तमका किती साधा, सेटवर कसं सगळं घरच्यासारखं. तिसऱ्यांदा 'अप्रतिम' ऐकलं की मी बंद करतो. माझा ठोकताळा असा, की नटांपेक्षा कॅमेरामन, संकलक आणि लेखक बरे. कामाबद्दल बोलणाऱ्याला विशेषणं कमी लागतात.

भांडणं तर सोन्याहून पिवळी. 'द लाइमी' नावाचा १९९९ चा चित्रपट आहे, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. कॉमेंटरीत शेजारी लेखक लेम डॉब्स बसलाय आणि माझ्या पटकथेचं तू काय केलंस म्हणून अख्खा सिनेमाभर दिग्दर्शकाला टोचतोय. दिग्दर्शकानं हे छापलं, कापलं नाही, ह्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. आपल्याकडं असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत दोघांची समजूत काढायला निर्माता गेला असता.

समीक्षकांचे ट्रॅकही टाळू नका. मी आधी टाळायचो, मास्तर फळ्यावर लिहितोय असं वाटायचं. 'सिटिझन केन'वर रॉजर इबर्ट बोलतो ते ऐकून मत बदललं. त्या चित्रपटात कॅमेरा खाली ठेवून वर बघतो, त्यामुळं खोल्यांची छतं दिसतात. तेव्हाच्या सेटना सहसा छतच नसे, कारण वरून लाइट आणि माइक सोडायचे. मग ह्यांनी छत कापडाचं ताणलं आणि माइक त्याच्या वर ठेवले. हे ऐकलं आणि मला आबांचा बुरूज आठवला. तिकडं कापड, इकडं तरट.

कोल्हापूरकर म्हणून सल इथंच आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ह्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरला त्याचं स्मारक उभं आहे, रोज त्याला वळसा घालून रिक्षा जातात. प्रभात कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, पण त्याआधी 'अयोध्येचा राजा' इथंच झाला, १९३२ साली, मराठीत आणि हिंदीतही. बोलपट ही चीजच नवी, त्यात दोन भाषा. कुठला प्रसंग आधी घ्यायचे, माइक कुठं लपवायचे, बाहेर कावळा ओरडला तर काय करायचे? हे सांगणारं त्या सेटवरचं कुणीतरी दुसऱ्या ट्रॅकवर असतं तर मी पाच वेळा ऐकलं असतं. आबांचंही कुणी टेप केलं नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही क्रिकेटची कॉमेंटरी टेप करायचो.

बरं, आता सुरुवात. आधी सिनेमा साधा, कॉमेंटरीशिवाय बघा. ही पायरी गाळू नका, नाहीतर दोन्हीकडून जाल. आणि तीन तासांच्या सिनेमापासून सुरू करू नका. मालिकांचे संच त्यासाठी चांगले. 'द सिम्पसन्स' ह्या अमेरिकन कार्टून मालिकेच्या डीव्हीडीत भागागणिक कॉमेंटरी आहे, एक भाग बावीस-तेवीस मिनिटांचा, म्हणजे चहा होईस्तोवर संपतो. लेखकांचं टोळकं असतं, कुठला विनोद कुणी कापला, कोरियाहून चित्रं रंगवून आल्यावर काय बिघडलेलं निघालं, असल्या गप्पा. ते जमलं की 'गॉडफादर'चं फक्त लग्न ऐका.

कॉमेंटरी लावली की सिनेमाचे इंग्रजी सबटायटल चालू ठेवायचे. कान बोलणाऱ्याकडं, डोळे संवादाकडं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, दोन वर्षं मी उगाच रिमोटवरून मागं-पुढं करत होतो. शक्यतो हेडफोन घ्या, काही दिग्दर्शक तोंडातल्या तोंडात बोलतात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींत हा ट्रॅक बहुतेक वेळा नसतो, आकार कमी करताना सगळ्यात आधी तोच उडवतात. असलाच तर व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ऑडिओ ट्रॅक'खाली दुसरा-तिसरा म्हणून सापडतो, नावाशिवाय. खात्रीनं हवा तर डिस्कच घ्यावी लागते, आणि हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो म्हणून बाहेरून यूएसबीचा जोडायचा. जुनी डिस्क घेताना उजेडात तिरकी धरून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचे ठिपके पडतात.

आणि रिजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय त्याचा आकडा. भारत पाचमध्ये, अमेरिका एकमध्ये. परदेशातून मागवलेली डिस्क घातली की कॉम्प्युटर विचारतो, रिजन बदलू का? आपण खुशाल हो म्हणतो. ड्राइव्ह हे फक्त पाच वेळा करू देतो, मग शेवटी जिथं असेल तिथंच कायमचा थांबतो. माझा जुना ड्राइव्ह असाच अमेरिकेत जाऊन बसलाय. इथल्या डिस्कसाठी मला दुसरा घ्यावा लागला.