आजीच्या मशेरीची वही

पत्र गुहागर तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलीने दोनदा 'नीट' दिली, 720 पैकी आधी 371 आणि मग 394. तिसऱ्या प्रयत्नासाठी त्यांनी चिपळूणला क्लास लावला आणि मोबाईल काढून घेतला. 21 दिवसांत सवय लागते असं ऐकून तिला रोज पहाटे 4 ला उठवलं. बाविसाव्या दिवशी ती साडेसातपर्यंत झोपली. हल्ली ती धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. 'माणसं ठरवलेलं करत का नाहीत, आरोग्याच्या सवयी कशा बदलतात, याचं संशोधन करायचंय' म्हणते. आजी किती वेळा मशेरी लावते याच्या नोंदी तिने वहीत केल्या होत्या. ती वही वडिलांनी माळ्यावर टाकली. 'हिला चार शब्द समजावून सांगा' अशी त्यांची विनंती आहे.

उत्तर

गुणांवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि 'धड जेवत नाही, बोलत नाही' हे एका ओळीत उरकलंत. मला काळजी त्या ओळीची वाटते. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही तिचं मन लागत नसेल, तर क्लास आणि करिअर दोन्ही बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे दाखवता येईल; नावाला बिचकू नका. मरणाची भाषा तिच्या तोंडून निघाली तर त्याच दिवशी न्या, उद्यावर ढकलू नका. आणि मोबाईल आज परत करा. मैत्रिणींशी बोलायची वाट तुम्हीच बंद केली आहे.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. वर्षभर घासून 23 गुण वाढले. आणखी एक वर्ष तिच्यावर लादण्याइतकं त्या आकड्यात काही नाही.

आता ते 21 दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी 1960 साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे 'किमान' गळलं, चेहरा गळला, आणि 21 दिवसांत कुठलीही सवय लागते असं जो तो सांगू लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. 2010 साली ते प्रसिद्ध झालं. 96 जणांनी एकेक साधी गोष्ट घेतली, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशी, आणि ती 84 दिवस एकाच ठरावीक प्रसंगाला जोडून केली. ती आपसूक होऊ लागायला लागलेला मध्यक, म्हणजे अगदी मधला, काळ निघाला 66 दिवस, पण कुणाला 18 पुरले तर कुणाचा हिशेब, 84 दिवसांपुढचा अंदाज बांधून, 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. आणि एक गोष्ट तुम्ही नीट वाचा: काय करायचं ते ज्याचं त्याने निवडलं होतं. तुमच्या घरात वेळ तुमची, गजर तुमचा, ध्येयही तुमचं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं अनेक दशकांचं काम हेच सांगतं की धाकाने करून घेतलेली गोष्ट धाक सरला की सुटते. मुलगी आळशी ठरत नाही यातून.

ती वही माळ्यावरून खाली काढा. तिने जे केलं ती या विषयातली पहिली पायरी आहे. मात्र नुसता आकडा पुरत नाही. प्रत्येक नोंदीला वेळ हवी, जागा हवी, आणि त्याआधी लगेच काय घडलं ते हवं: चहा झाला, शेजारीण आली, पोट जड वाटलं. 'एक वेळ' म्हणजे काय हेही आधी ठरवावं. दहा मिनिटांत पुन्हा बोट दातांवर गेलं तर ते वेगळं धरायचं की नाही? पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंदी. आजीला सांगून आणि तिची परवानगी घेऊनच. नात मोजतेय हे कळलं की आजी सुरुवातीला कमी लावेल, म्हणून पहिल्या दोन दिवसांवर विसंबू नये.

मग कळेल की 'कर्करोग होईल' हे सांगून मशेरी का सुटत नाही. बऱ्याच बायका ती पोट साफ व्हावं, दात शिवशिवू नयेत म्हणून लावतात. ती गरज तशीच ठेवून भीती घातली तर ऐकणारी मान डोलावते आणि मागच्या दारी जाऊन लावते. सुझन मिकी या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली मांडलेली चौकट हेच विचारायला शिकवते: माणसाला जमतं का, भोवतालची परिस्थिती जमू देते का, आणि त्याला ते हवं आहे का? मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांचा 'जर-तर' बेतही तिने इथे वापरून बघावा: 'चहाची कपबशी खाली ठेवली की बडीशेप तोंडात टाकीन.' वाक्य आजीचं हवं, नातीने लिहून दिलेलं नको. तंबाखूचं व्यसन एवढ्याने सुटेलच असं नाही. त्यासाठी 1800-11-2356 ही क्विटलाइन आहे.

या संशोधनाकडे जायची वाट सरळ आहे: मानसशास्त्रात बीए, मग एमए, नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी; सायन्सवाल्यांना बीए खुलं असतं. औषधं लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ व्हायला एमबीबीएस लागतं, या संशोधनाला नाही. एमए होईपर्यंत बेताच्या पगाराचीही आशा धरू नका. कॉलेज निवडताना विचारा की मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून आहे का आणि प्रात्यक्षिकं खरोखर होतात का.

हे काम म्हणजे व्यासपीठावरून प्रेरणा देणं असं तिलाही वाटत असेल तर तो समज आताच जावा. निम्मं आयुष्य संख्याशास्त्रात जातं. प्रवेशाआधी तिने अकरावी वाणिज्यचं गणित व संख्याशास्त्राचं पुस्तक आणावं, त्यातली अपस्करण (आकडे किती पसरलेत) आणि सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात) ही प्रकरणं घ्यावीत आणि आजीच्या वहीतल्या आकड्यांवरच सोडवावीत. त्यात तिचा जीव रमला तर अर्ज भरा. कंटाळली तर मला तिनेच लिहावं, तुम्ही नको.