वाचकांचे प्रश्न : गिझर घ्यावा की हीट पंप?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात आमचे नऊ माणसांचे एकत्र कुटुंब राहते. आजवर आंघोळीचे पाणी अंगणातील चुलीवर पऱ्हाटी जाळून तापवीत आलो. आता घरातील वृद्धांना धूर सोसत नाही. दुकानदाराने 9,000 रुपयांचा विजेचा गिझर आणि 90,000 रुपयांचा 200 लिटरचा हीट पंप असे दोन पर्याय सुचविले असून, हीट पंपाला एक-तृतीयांश वीज लागत असल्याने दीर्घकाळात तोच स्वस्त पडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. वरच्या टप्प्यात आम्हांला युनिट सुमारे 13 रुपयांना पडते. काय करावे? — एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : विजेपुरते दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. गिझरची कॉइल एका युनिट विजेची तेवढीच उष्णता करते. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता हाती येते. परंतु वर्षात किती दिवस पाणी तापवायचे, हे त्यांनी धरलेले दिसत नाही.

नऊ जणांना मिळून 200 लिटर पाणी लागते आणि ते 18 अंशांवरून 43 अंशांपर्यंत तापवायचे आहे, असे धरू. त्यास 5.8 युनिटे लागतात. टाकीतून व नळातून वाया जाणारी उष्णता मिळवून गिझरला साडेसहा, तर हीट पंपाला सव्वादोनच्या आसपास. म्हणजे रोजची बचत सुमारे 4.3 युनिटांची. विदर्भात गरम पाण्याची खरी गरज कार्तिकापासून माघापर्यंत, फार तर 120 दिवस. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणीच अंगाला चटके देते. वर्षाला 516 युनिटे, अर्थात सुमारे 6,700 रुपये वाचतील. आपण बिलाच्या सरासरीऐवजी वरच्या टप्प्याचा दर कळविला, हे योग्यच झाले, कारण महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांवर चढत जातो आणि वाचणारी युनिटे वरच्याच टप्प्यातील असतात.

दोन्ही यंत्रांच्या किमतींत 81,000 रुपयांचा फरक आहे. तो भरून निघण्यास बारा वर्षे लागतील, आणि कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. हीच रक्कम 7 टक्क्यांनी ठेवीत गुंतविली तरी वर्षाला 5,670 रुपये व्याज मिळते; पीककर्ज काढून हीट पंप घेण्याचा विचार असेल, तर तो सोडूनच द्यावा. शिवाय दाब 180 व्होल्टपर्यंत उतरला तर गिझर तीन-पंचमांश शक्तीने का होईना पाणी तापवितो, पण कॉम्प्रेसरला असा दाब मानवत नाही.

गिझरची अडचण वेगळी आहे. दोन किलोवॉटच्या कॉइलला एवढे पाणी तापविण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून काहींनी सायंकाळी आंघोळ करणे सोयीचे. गिझरवरील तारे केवळ साठवलेले पाणी किती उष्णता गमावते हे सांगतात, तापविण्याची क्षमता नव्हे. तरीही पहाटेसाठी पाणी तापवून ठेवायचे असल्यास जास्त ताऱ्यांचाच घ्यावा. घरची बोअर असेल तर टाकी रात्री न भरता सकाळी भरावी. जमिनीतले पाणी हिवाळ्यातही 25-26 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे वीज जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी लागते आणि त्यासाठी खर्च काहीच नाही.

खर्च करण्याची तयारी असेलच, तर आधी सौर बंबाची चौकशी करावी. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ बहुधा निरभ्र असते आणि सौर बंब हीट पंपापेक्षा बराच स्वस्त मिळतो. पाणी जड असल्यास क्षार साफ करण्याची सोय मात्र आधी विचारून घ्यावी.

प्रश्न : गोठ्यावरील दुधाचे कॅन धुण्यासाठी आम्हांला बाराही महिने रोज 200 लिटर कडक पाणी लागते. वरील हिशेब आम्हांलाही लागू पडतो काय? — एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : नाही. पाणी 27 अंशांवरून 55 अंशांपर्यंत न्यायचे म्हटले, तरी रोज चारहून अधिक युनिटे, वर्षाला दीड हजारांवर युनिटे वाचतात. वरीलच किमती आणि दर धरल्यास जादा रक्कम सुमारे चार वर्षांत वसूल होते. आपण हीट पंप घ्यावा. मात्र मे महिन्यातील 45 अंशांच्या हवेत तो चालेल काय, हे कंपनीच्या तांत्रिक पत्रकात पाहूनच पैसे द्यावेत.