फ्लोबेरचा एकांत आणि रविवारचा श्रोता

प्रश्न : 'मादाम बोव्हारी' ही कादंबरी लिहिताना फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर साडेचार वर्षं गावाबाहेरच्या घरात बसून होता. मी नोकरी सांभाळून कादंबरी लिहितो. एवढ्या एकांताशिवाय ते होणारच नाही का? आणि लेखकाने पुस्तकात कुठेच दिसू नये, हे त्याचं म्हणणं पाळायचं कसं?

उत्तर : रूआँ शहराजवळ सेन नदीकाठच्या क्रोआसेच्या त्या घरात त्याची आई होती, बहिणीची लहान मुलगी होती. दर रविवारी लुई बुइए हा कवीमित्र यायचा आणि आठवड्यात लिहिलेलं सगळं ऐकायचा. हा रविवार फार मोलाचा. 1849 साली फ्लोबेरने संत अँटनीवरचं हस्तलिखित पुरं झाल्यावरच बुइए आणि दुसरा मित्र माक्सिम द्यु काँ यांना वाचून दाखवलं. वाचन चार दिवस चाललं, आणि दोघांनी ते जाळून टाकायला सांगितलं! तेव्हा तुम्ही दाराला कडी जरूर लावा, रोज एक तास पुरे. पण दर आठवड्याला ऐकणारा एक माणूस हवाच. त्याला 'कसं वाटलं?' विचारू नका. लक्ष कुठे उडालं, ते विचारा.

आता दुसरं. 'मादाम बोव्हारी'तला कृषिप्रदर्शनाचा प्रसंग पुन्हा वाचा. तो लिहायला त्याला काही महिने लागले होते. खाली चौकात सरकारी भाषण आणि बक्षीसवाटप, वर नगरपालिकेच्या इमारतीत रंगेल रोदोल्फ कादंबरीच्या विवाहित नायिकेला, एमाला, गळाला लावतोय. आधी दोन्हीकडची बोलणी लांबलांब, मग तुकडे आखूड होत जातात, शेवटी एकाआड एक ओळ. तुमच्यामागे आलो, थांबलो, असं रोदोल्फ म्हणतो आणि लगेच खालून बक्षिसाची घोषणा येते : 'शेणखत!' रोदोल्फ खोटा आहे, असं लेखक तिथे एका शब्दानेही म्हणत नाही. वाचकाला तो घोषणेतूनच कळतो.

तुमच्या मसुद्यात 'स्वार्थी', 'ढोंगी', 'बिचारी' अशी निकालाची विशेषणं असतील तिथे खूण करा. ती काढल्यावर प्रसंगातून तेच कळलं, तर ती फालतूच होती. कळलं नाही, तर विशेषण परत घालू नका. पात्राची एखादी कृती कमी पडतेय, ती शोधा.

मग पान मोठ्याने वाचा. फ्लोबेर वाक्यं अक्षरशः ओरडून तपासायचा. मराठीत 'मित्राच्या घराच्या दाराच्या' अशी 'च्या'ची माळ आणि ओळीने येणारे 'होता-होती' मनातल्या मनात वाचताना निसटतात, कानाला मात्र लगेच खटकतात.