सायकेडेलिक उपचार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सायलोसायबिनच्या (काही अळंब्यांत सापडणाऱ्या, भास घडवणाऱ्या द्रव्याच्या) एका डोसने जुनाट नैराश्य जाते असे वाचले. मग ते मेडिकलमध्ये का मिळत नाही?

‘जाते’ हा शब्द बातमीचा, चाचणीचा नव्हे. कंपास पाथवेज या कंपनीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३३ रुग्ण होते, सगळे आधीच्या औषधांनी फरक न पडलेले. कुणाला २५, कुणाला १०, कुणाला नाममात्र १ मिलिग्रॅम, तेही एकदाच. नैराश्य मोजायची पट्टी दहा प्रश्नांची : झोप, भूक, एकाग्रता, मरणाचे विचार वगैरे. प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण ६०; गुण जितके जास्त तितके नैराश्य जास्त. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांचे गुण १ मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा सरासरी ६.६ ने जास्त उतरले. १० मिलिग्रॅमने सांगण्यासारखा फरक पडला नाही. बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकली ती २५ मिलिग्रॅमच्या गटातल्या पाचांत एकाला. २०२५ मध्ये त्याच कंपनीने पुढच्या, मोठ्या चाचणीचे आकडे दिले. त्यात सहा आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, फरक ३.६ गुणांचा. सगळे उपाय थकलेल्या रुग्णासाठी हेही थोडे नाही, पण चमत्कार म्हणावा असेही नाही.

प्रश्न : ज्याला खोटी गोळी मिळते त्याला ते कळत नाही का?

कळतेच, आणि सगळ्या वादाची मेख तिथेच आहे. तासाभरात भिंती हलायला लागल्या नाहीत की रुग्ण ओळखतो, ‘मला नकली मिळाली.’ महिनोन् महिने आशा लावून बसलेला माणूस हिरमुसतो, त्याचे गुण आणखी बिघडतात आणि खऱ्या औषधाचा फायदा आहे त्याहून मोठा दिसतो. दुसऱ्या बाजूला ज्याला खरी मिळाली, त्याची अपेक्षाच अर्धे काम करून जाते.

गुण देणारा तज्ज्ञ दूरचा, फोनवरून बोलणारा आणि कोणाला काय दिले हे माहीत नसलेला ठेवतात. पण रुग्णाला स्वतःला कळले असेल, तर त्या तज्ज्ञाच्या अज्ञानाचा उपयोग निम्माच. अगदी कमी डोस हा प्लासिबो म्हणून देणे जरा बरे, तरी तोही बहुतेकांना ओळखू येतो.

हीच अडचण जून २०२४ मध्ये पुढे आली. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेच्या सल्लागार समितीपुढे लायकोस कंपनीचे एमडीएमए (नशेच्या बाजारात ‘एक्स्टसी’ म्हणतात ते) आले, आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी (पीटीएसडी). परिणामकारकता सिद्ध झाली का, यावर ९ विरुद्ध २ मतांनी ‘नाही’. फायदा धोक्यापेक्षा जास्त का, यावर १० विरुद्ध १ मतांनी ‘नाही’. ऑगस्टमध्ये एफडीएने अर्ज परत पाठवला. चाचणीत त्रासाच्या नोंदी झाल्या, पण अतिसुखाच्या झाल्या नाहीत, ही त्यांची आणखी एक हरकत. व्यसन लागण्याचा अंदाज नेमका त्याच नोंदींवरून येतो.

प्रश्न : सत्रात नेमके काय करतात? आणि खर्च एवढा का?

औषधाचे पैसे सोडा, माणसांचे तास मोजा. एमडीएमएच्या चाचण्यांमध्ये आठ-आठ तासांची तीन सत्रे होती. त्याखेरीज तयारीच्या तीन आणि नंतर अनुभव उलगडण्याच्या नऊ बैठका, प्रत्येक दीड तासाची. म्हणजे २४ अधिक १८, एकूण ४२ तास. खोलीत थेरपिस्ट दोन, म्हणजे एका रुग्णामागे ८४ मनुष्यतास. खर्च कमी करायचा तर कात्री लागते ती याच तासांना : दोनऐवजी एक थेरपिस्ट, एकावेळी चार रुग्ण, तयारीच्या तीन बैठकांऐवजी एक व्हिडिओ. ज्यांचा अंमल अर्ध्या तासात उतरतो अशा रेणूंवर कंपन्यांचा डोळा आहे तोही याचसाठी.

सायलोसायबिनचे सत्र सहा-आठ तासांचे. रुग्ण पलंगावर, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. अर्ध्या-पाऊण तासात सुरुवात, दोन-तीन तासांनी शिखर. रक्तदाब वाढतो, म्हणून मधूनमधून मोजतात. हात धरायचा की नाही, खांद्यावर हात ठेवलेला चालेल का, हे गोळी देण्याआधी ठरवून लिहून घ्यायचे. अंमल असताना दिलेला होकार होकार नव्हे. हा काही कागदी सोपस्कार नाही : थेरपिस्टने केलेल्या गैरवर्तनाच्या प्रकरणानंतर ‘सायकोफार्माकोलॉजी’ या नियतकालिकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएवरचे तीन निबंध मागे घेतले.

प्रश्न : केटामाइन तर आत्ताच वापरतात. मग घरपोच गोळ्यांना काय हरकत?

केटामाइन हे मुळात भूल देण्याचे औषध. त्याचा एक भाग, एस्केटामाइन, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात एफडीएने मार्च २०१९ मध्ये मंजूर केला. एका उपकरणात २८ मिलिग्रॅम. डोस ५६ किंवा ८४, म्हणजे दोन किंवा तीन उपकरणे, मध्ये पाच-पाच मिनिटे थांबून. रक्तदाब साधारण चाळीस मिनिटांनी सर्वांत वर जातो, म्हणून दोन तास दवाखान्यातच बसवतात आणि रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवू देत नाहीत. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा.

घरी जिभेखाली केटामाइनची गोळी ठेवणाऱ्यावर असे लक्ष ठेवायला कोण असते? ऑक्टोबर २०२३ मध्ये एफडीएने फार्मसीत बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल इशारा दिला तो यामुळेच. वारंवार घेतल्यास मूत्राशय खराब होतो. सारखी लघवीला लागणे, जळजळ, रक्त पडणे ही सुरुवातीची खूण.

प्रश्न : हे कायदेशीर कुठे आहे?

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि आघातोत्तर ताणासाठी एमडीएमए देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात वेगळी वाट : तिथे २१ वर्षांवरील कोणीही परवानाधारक केंद्रात सायलोसायबिन घेऊ शकतो. निदान लागत नाही, आणि म्हणून त्याला उपचार म्हणणेही बरोबर नाही.

प्रश्न : भावाला लिथियम चालू आहे. त्याला चाचणीत नाव द्यायचे आहे.

सायलोसायबिन आणि लिथियम एकत्र घेतल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय लिथियम बहुधा ज्यासाठी देतात त्या द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराच्या आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना बहुतेक चाचण्यांत घेतच नाहीत, कारण उन्माद किंवा भ्रम उफाळू शकतो. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर : प्रवेश मिळावा म्हणून रुग्ण स्वतःच गोळी बंद करतो. लिथियम एकदम सोडले तर आजार उलटतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. भावाने फॉर्म भरण्याआधी चालू गोळ्यांची पूर्ण यादी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी, आणि तोवर आजची गोळी चुकवू नये.