‘बसतो, पण होत नाही’

या आठवड्यात हे वाक्य तीनदा ऐकलं. सोमवारी एमपीएससी करणाऱ्या एका पोराकडून, बुधवारी नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांकडून (बँकेच्या लोनची फाइल चार महिने टेबलावर तशीच, मॅनेजरचा फोन आला की पोटात गोळा), आणि शुक्रवारी घरून आयटीचं काम करणाऱ्या एका मुलीकडून. शब्द थोडे वेगळे, सूर तोच. काम महत्त्वाचं आहे हे कळतंय, वेळही आहे, बसतोही आहे, पण होत नाही. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "मॅडम, मी मुळातच आळशी आहे का हो?"

गंगापूर रोडला माझं समुपदेशनाचं छोटंसं सेंटर आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली. खरं सांगू का, अस्सल आळशी माणूस माझ्याकडे येतच नाही. तो घरी मजेत झोपलेला असतो. फी भरून, गाडीला पार्किंग शोधून, जिना चढून जो येतो त्याला आळशी म्हणणं मला जमत नाही. मग अडतंय कुठे? हे मला एका माणसामुळे जेवढं नीट कळलं तेवढं आधी कळलं नव्हतं. नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यांना आपण विलास सर म्हणू.

विलास सर पिंपळगावच्या बाजूचे, वय 39, ज्युनिअर कॉलेजला शिकवतात. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग, वडील (आबा) अजून बागेत असतात पण फवारणी-छाटणीचा भार सरांवर. पीएचडीला नाव घातलेलं, पाच वर्षं उलटून सहावं लागलेलं. यूजीसीच्या नियमात जास्तीत जास्त सहा वर्षं, म्हणजे गळ्याशी आलेलं. जुलैमध्ये पहिल्यांदा आले ते बायकोसोबत. सर गप्प, वहिनीच बोलल्या, "मॅडम, हे रात्री एक-एक वाजेपर्यंत टेबलावर असतात, मी चहा ठेवून झोपते, सकाळी बघते तर चहा तसाच, वर साय धरलेली, आणि लॅपटॉपवर जुन्या मॅचच्या हायलाइट्स."

सर म्हणाले, "शिस्तच नाही मला. शाळेपासूनच नाही."

आता इथे मी माती खाल्ली, ती पण सांगते. सरांनी शिस्त मागितली आणि मी शिस्त देऊन टाकली. पहाटे 5 ते 7 थिसिस, फोन दुसऱ्या खोलीत, रविवारी सुट्टी. सरांनी घरी जाऊन त्याचं चार रंगांत टाइमटेबल केलं, प्रिंट काढली, भिंतीला लावली. तीन दिवस चाललं. घरी होत नाही म्हणून मग शनिवारी सार्वजनिक वाचनालयात येऊन बसायला लागले, 1840 सालापासून चालू असलेली आपली सावाना, वातावरण तर अभ्यासाचंच. तिथे त्यांनी दोन दिवाळी अंक वाचून काढले. पुढच्या वेळी आले ते अजून खाली मान घालून, कारण आता त्यांच्याकडे एक नवा पुरावा होता ना, मॅडमनी सांगूनसुद्धा जमलं नाही. टाइमटेबल वाईट नसतं, पण ज्याला ते हवंय त्याच्या मनात आधीच स्वतःविरुद्ध केस चालू असेल तर ते टाइमटेबल दुसऱ्या पार्टीचं साक्षीदार होतं.

चौथ्या वेळी सर अर्धा तास उशिरा आले. ऑगस्टचा मध्य, दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली. समोर बसले आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडा निळ्या-हिरव्या, बोटांच्या पेरांत पांढरट चुना बसलेला, साबणाने घासूनही न गेलेला.

"सॉरी मॅडम, बोर्डो मारत होतो. मोरचूद काय लवकर निघत नाही." (बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याची बुरशीवरची फवारणी.)

"किती वाजल्यापासून?"

"साडेपाच. उद्या परत पाऊस म्हणतायत, मग डाऊनी पकडते." (डाऊनी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग.)

"साडेपाचला उठून मन लागत होतं का फवारणीत?"

हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. "मॅडम, डाऊनी काय आपलं मन लागायची वाट बघते का?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे मला पहिल्या पाच-सात वर्षांत जमायचं नाही, लगेच "बघा, तुम्हीच उत्तर दिलंत" असं काहीतरी बोलून सगळी मजा घालवायचे. आता जमतं. त्यांचं त्यांनाच जाणवलं की आपण काय बोललो, हसू कमी झालं, आणि म्हणाले, "पण थिसिसचं तसं नाही ना. तिथे चुकलं तर..."

"बागेत नाही चुकत?"

"चुकतं की. मागच्या वर्षी जीएचा, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाचा, डोस जास्त गेला, घड वाकडे झाले एका प्लॉटमधले. आबा चिडले. म्हणाले, पुढच्या वेळी मोजून घे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. डोस चुकला म्हणालो."

"आणि गाइडनी तिसरं प्रकरण लाल खुणा करून पाठवलं तेव्हा?"

यावर ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तेव्हा मी चुकलो असं वाटलं."

डोस चुकला. मी चुकलो. बघा, क्रियापद तेच आहे, कर्ता बदलला. मी ही दोन वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहून त्यांच्यासमोर सरकवली, आणि सर, जे रोज शंभर पोरांना शिकवतात, ते त्या कागदाकडे असे बघत होते की जणू कुणीतरी त्यांचीच उत्तरपत्रिका दाखवतंय. मग म्हणाले, "बागेत चूक पानावर दिसते मॅडम. इथे ती माझ्यावर दिसते." हे वाक्य त्यांचं आहे, मी नंतर पन्नास जणांना तरी सांगितलं असेल, पण श्रेय त्यांचं.

माझी घडण एलिसच्या पठडीतली आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाने 1950 च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजली. त्याचा मला सगळ्यात आवडणारा मुद्दा हाच, कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. माणसाने स्वतःलाच मार्क द्यायला सुरुवात केली की प्रत्येक काम परीक्षा होतं, आणि नापास व्हायचं नसेल तर सोपा मार्ग म्हणजे पेपरला बसायचंच नाही. अलीकडे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय या संशोधकांनीही 2013 मध्ये साधारण याच अंगाने मांडलंय, की टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि त्या क्षणी नको वाटणाऱ्या भावनेतून सुटका करून घ्यायचा प्रश्न जास्त. सर हायलाइट्स बघत होते ते क्रिकेटच्या प्रेमाने नाही, मॅचचा निकाल त्यांना आधीच माहीत होता आणि त्यात त्यांना कुणी नापास करणार नव्हतं.

पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन यायला सांगितला. तिसऱ्या प्रकरणाची ती फाइल त्यांनी चौदा महिन्यांत एकदाच उघडली होती आणि अर्ध्यातून बंद केली होती. माझ्यासमोर उघडली. लाल खुणा 71. आम्ही नुसत्या मोजल्या आणि वाटण्या केल्या, एकही दुरुस्त केली नाही. 40 निघाल्या संदर्भ आणि स्पेलिंगच्या, 22 ‘इथे स्पष्ट करा’ छापाच्या, आणि खरंच डोकं लावावं लागेल अशा फक्त 9. त्या नवातली एक म्हणजे एका परिच्छेदाशेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. सरांच्या मते त्या प्रश्नचिन्हात अख्ख्या थिसिसचा निकाल होता. गाइडना फोन करून विचारायला त्यांना अजून आठ दिवस लागले, तर गाइड म्हणाले, कुठे? चुकून पडलं असेल.

मग राहिलं रोजचं बसणं. त्यातही मी यावेळी माझं डोकं चालवलं नाही. त्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय, त्यावर आबांच्या हातची बागेची नोंद. बागाईतदार तारखेत बोलत नाहीत हे नाशिककरांना माहीतच आहे, "बाग किती दिवसांची झाली?" असं विचारतात. छाटणी झाली की दिवस मोजायला सुरुवात, दहा-बारा दिवसांनी पोंगा (डोळे फुटू लागणं), मग फेलफूट (नको असलेली फूट) काढणं, फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं. आज काय करायचं हा प्रश्नच पडत नाही, दिवस सांगतो. मी विचारलं, तुमचा थिसिस किती दिवसांचा आहे? सर म्हणाले, "त्याची छाटणीच झाली नाही अजून."

तर 6 ऑक्टोबरला बागेची गोड छाटणी (फळासाठीची) आणि त्याच दिवशी थिसिसचीही. आणि छाटणी म्हणजे खरंच छाटणी बरं का, गोळा केलेले 140 लेख होते त्यातले 90 एका वेगळ्या फोल्डरमध्ये गेले, एक अख्खं प्रकरण गेलं. "एवढी चांगली हिरवी काडी कापताना जीव तुटत नाही का?" विचारलं तर म्हणाले, "न कापता घड लागतो का?" आता मी काय शिकवणार यांना.

कॅलेंडरच्या चौकोनात काय लिहायचं याची मात्र मी कटकट केली, आणि हे तुम्हालाही सांगते. ‘थिसिस’ असं लिहायचं नाही. ‘प्रकरण 3’ असंही नाही. ‘टेबल 6 मधले टक्के तपासणे’ असं लिहायचं. एका बसण्यात उरकेल आणि झालं की नाही हे तिसऱ्या माणसालाही कळेल एवढंच. लोनची फाइल असेल तर ‘लोनचं काम’ नाही, ‘2 वर्षांची रिटर्न्स प्रिंट करून पिवळ्या फोल्डरला लावणे’. आणि केव्हा हे घड्याळावर सोडू नका, आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधा. सरांचं ठरलं, सकाळी बागेतून आलो, हातपाय धुतले की चहाच्या आधी टेबल. चहा नंतर. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, ‘मी जास्त अभ्यास करेन’ यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं.

दुसरं म्हणजे पहिली दहा मिनिटं घाण जाणार हे धरूनच बसा. छातीवर दडपण येणार, बाथरूमला जावंसं वाटणार, कपाट आवरावंसं वाटणार. लोक काय करतात, ते दडपण गेलं की बसू म्हणतात. ते बसल्यावर जातं, आधी नाही. सर त्याला बोर्डोचा वास म्हणायचे, नाकात बसतो, त्रास होतो, पण पंप खाली ठेवत नाही कुणी. आणि उठताना उद्याच्या कामाचं अर्धं वाक्य लिहून उठा, पूर्ण करू नका. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसणं आणि अर्ध्या वाक्यासमोर बसणं यात फार फरक आहे, करून बघा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत सहा दिवस कोरे गेले. सातव्या दिवशी सरांचा मेसेज, "परत जुनं सुरू झालं." मी विचारलं, बाग सहा दिवस बघितली नाही तर काय करता? उत्तर आलं, "जाऊन बघतो काय झालंय." एवढंच. डिसेंबरात ढगाळ हवा झाली, भुरी रोगाच्या भीतीने आठवडाभर सगळं घर बागेत, तेव्हा सर रोज वीस मिनिटं बसले फक्त. वीस मिनिटं बसलो हे सांगताना आवाजात लाज नव्हती, हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. प्रत्येक ‘बसतो पण होत नाही’ असाच असतो असं नाही. झोपच लागत नाही, आवडत्या गोष्टीतही गोडी उरलेली नाही, दोनेक आठवडे मन उदास आहे, किंवा लहानपणापासून सगळ्याच बाबतीत, अगदी आवडीच्या कामातही, लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, तर ते डिप्रेशन असू शकतं, एडीएचडी असू शकतं, कधी थायरॉइडसुद्धा. तेव्हा कॅलेंडर घेऊन बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विलास सरांना पण मी सुरुवातीला एकदा पाठवलं होतं, तपासण्या नॉर्मल आल्यावरच पुढे गेलो. शुक्रवारच्या त्या मुलीलाही आधी तिकडेच पाठवलंय.

फेब्रुवारीत बाग उतरली. थिसिसचा पहिला पूर्ण खर्डा गाइडकडे गेला तेव्हा बाग 131 दिवसांची होती. तो परत लाल होऊन आला, यावेळी 112 खुणा. सरांनी मला मोजूनच सांगितलं, वाटण्या करून. सोबत एक पेटी सोनाका द्राक्षं आणि फोनमध्ये कालनिर्णयच्या जानेवारीच्या पानाचा फोटो. एका चौकोनात सरांचं बारीक अक्षर, ‘प्र. 4, टेबल 9, झालं’, आणि त्याच्यावरूनच आबांचं ठसठशीत ‘भुरी - सल्फर’. खाली सरांनी लिहिलं होतं, "आबा म्हणतायत, पुढच्या वर्षी तुझं कॅलेंडर वेगळं घे, मला लिहायला जागा राहत नाही."